कांद्याला पत्रा चालत नाही, पोरांना चालतो

कांदा चाळ बांधायला काढली की कृषी खात्याचा माणूस असो नाहीतर शेजारचा जाणता शेतकरी, पहिली सूचना एकच असते. वर लोखंडी पत्रा टाकू नका. पत्रा तापतो, खाली कांदा खराब होतो. सिमेंटचा पत्रा टाका, मंगलोरी कौलं टाका, वरून उसाचं पाचट अंथरा, हवा खेळती ठेवा. सूचना शंभर टक्के बरोबर आहे.

पोल्ट्रीवाल्यांना विचारा. मार्च उजाडला की शेडच्या पत्र्यावर चुना मारतात, पाचट टाकतात, वर पाण्याचे फवारे फिरवतात, बाजूला ओली पोती लावतात. का? कारण पक्षी मेला की वहीत लिहावा लागतो. नुकसान दिसतं.

आता आपल्या तालुक्यातल्या पत्र्याच्या अंगणवाड्या बघा. पत्र्याच्या शाळाखोल्या बघा. वर उघडा पत्रा. पत्र्याखाली काही नाही. पत्र्याखाली थेट तीन वर्षांची पोरं. ना चुना, ना पाचट, ना ओलं पोतं. एक पंखा असतो, तो लाईट असेल तर फिरतो आणि वरचीच गरम हवा खाली फेकतो.

म्हणजे कांद्याची काळजी आहे, कोंबडीची काळजी आहे. पोरांची नाही. हे कडू वाटत असेल तर वाटू द्या. मी गेली वीसेक वर्षं या लातूर-धाराशिव पट्ट्यात बातमीदारी करतोय आणि एवढ्या वर्षांत कुठल्याही सभेत, कुठल्याही आढावा बैठकीत 'छतातून येणारी उष्णता' हा विषय निघालेला मी ऐकला नाही. पाण्यावर बोलतात, रस्त्यावर बोलतात, विम्यावर बोलतात. डोक्यावरच्या पत्र्यावर कुणी बोलत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

उन्हाळा आला की प्रशासनाचा एक संदेश ठरलेला. 'दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका.' चांगला संदेश आहे. पण तो लिहिणाऱ्याने मनात एक घर गृहीत धरलंय. जाड भिंतीचं, स्लॅबचं, वर आणखी एक मजला असलेलं, निदान कूलर असलेलं. ज्याचं घर चार भिंती आणि वर आठ पत्रे एवढंच आहे, त्याला दुपारी १२ ते ४ घरात बसा म्हणणं म्हणजे काय? मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या घरात अर्धा तास बसून बघा. मग बाहेर लिंबाखाली या. कुठं बरं वाटतं ते तुमचं तुम्हीच सांगा. आपल्याकडं हजारो कुटुंबांसाठी दुपारी घर ही सावली नसून भट्टी असते.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, सातवी-आठवीच्या पुस्तकातलंच आहे.

पूर्वी बर्फाची लादी विकायला यायची. ती कशात गुंडाळलेली असायची? लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात. भुसा काही थंड नसतो. पण भुशाच्या कणाकणांत हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देत नाही. गोधडीचं तेच, पाचटाचं तेच, थर्मोकोलचं तेच. उष्णता अडवायची तर मध्ये असं काहीतरी लागतं ज्यात हवा थांबून राहते. त्यालाच इंजिनिअर लोक इन्सुलेशन म्हणतात. आपण उष्णतारोधक म्हणू.

लोखंड याच्या बरोबर उलटं. थर्मोकोलच्या तुलनेत लोखंडातून उष्णता हजार पटीहून जास्त सहज जाते. त्यात आपला पत्रा असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे अडवायला काहीच नाही. उन्हात गंजका पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो आणि त्याची खालची बाजूही तेवढीच तापते. मग दुहेरी मार सुरू होतो. एक तर खोलीतली हवा तापते. दुसरं म्हणजे तापलेला पत्रा वरून सरळ आपल्या अंगावर उष्णता फेकतो. चुलीवरच्या तव्याला हात न लावता नुसता जवळ धरला तरी झळ लागते ना? तसा तवा, पण खोलीएवढा, आणि तो डोक्यावर उलटा टांगलेला. म्हणून पत्र्याखाली पंखा लावूनही जिवाला आराम पडत नाही. पंखा हवा हलवतो, वरून येणारी झळ थांबवत नाही.

'मग स्लॅब टाका' असं लगेच कुणीतरी म्हणेल. स्लॅब पत्र्यापेक्षा बरा, पण उघडा स्लॅब म्हणजे काही उत्तर नाही. चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते आत ओकत राहतो. स्लॅबच्या घरात रात्री अकरा वाजताही छताला हात लावला तर गरम लागतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. पत्रा दिवसा मारतो, स्लॅब रात्री मारतो. एवढाच फरक.

आता आपल्या भागाची खरी गोष्ट. ही बाहेरच्या माणसाला कळणार नाही, आपल्याला कळेल.

आपल्याकडं पूर्वी माळवद होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा चिपाट, आणि त्यावर दीड-दोन फूट पांढरी माती. मे महिन्यात बाहेर डोळे उघडवत नसले तरी माळवदात आजी निवांत झोपलेली असायची. कारण दिवसभराचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची आणि रात्री माती वरच्या बाजूने निवायची. कुठलाही कोर्स न केलेल्या गवंड्यांनी आणि सुतारांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि तीच माती, तेच दगड आपल्या माणसांवर पडले. जवळपास आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या भागात लोक घरात झोपायला तयार नव्हते.

माळवदाने माणसं मारली, हे खरं आहे. ते लपवायचं कारण नाही. गळती थांबवायला दरवर्षी वरून नवीन माती टाकली जायची, तिचं ओझं वाढत गेलं होतं. भिंतीतले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसला की भिंत फुगून फुटली आणि वरचा ढिगारा खाली आला. त्यामुळे लोकांनी मातीच्या छताचा धसका घेतला तो रास्तच होता. सरकारने ५२ गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, भूकंपरोधक बांधकामाचे नियम आले. आधी तात्पुरते पत्र्याचे निवारे उभे राहिले. मग पक्की घरं झाली. पण त्या पक्क्या घराला जोडून लोकांनी जे जे वाढवलं ते पत्र्याचं वाढवलं. पत्रा हलका, पडला तरी माणूस मरत नाही, ही भावना खोल गेली. आजही जुनी माणसं सांगतात, पत्र्याखाली झोप लागते, माळवदाखाली नाही.

माझा मुद्दा इथंच आहे. १९९३ नंतर आपण जड छत सोडलं, ते बरोबर केलं. पण जड छतात दोन गुण होते. एक वाईट, ते अंगावर पडायचं. एक चांगला, ते ऊन अडवायचं. वाईट गुण काढून टाकताना चांगला गुणही फेकून दिला, आणि तो परत कसा आणायचा हा विचार तीस वर्षांत कुठल्याच सरकारी फायलीत शिरला नाही. भूकंप एका पहाटे येऊन गेला. ऊन दरवर्षी चार महिने येतं.

आणि हलकं असूनही ऊन अडवणारं छत ही काही अशक्य गोष्ट नाही. दोन इंच रॉकवूल हे दीड फूट मातीच्या तोडीस तोड, किंबहुना थोडं जास्तच ऊन अडवतं, आणि वजनाला नगण्य. म्हणजे भूकंपालाही भ्यायचं कारण नाही आणि उन्हालाही. हे ज्ञान उपलब्ध आहे, सामान बाजारात मिळतं. मोबाईलच्या शोरूमच्या छतात ते असतं. द्राक्षं-डाळिंबाच्या शीतगृहाच्या भिंतीत ते असतं. नसतं ते फक्त शाळेत, अंगणवाडीत आणि घरकुलात.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, म्हणजे चीड का येते ते कळेल.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी एक संहिता आणली, 'इको निवास संहिता'. त्यात छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घालून दिली आहे. तांत्रिक भाषेत छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या वर जाता कामा नये. हा आकडा जितका कमी तितकं छत चांगलं. उघड्या पत्र्याचा आकडा पाचच्या आसपास येतो. उघड्या स्लॅबचा साडेतीनच्या आसपास. म्हणजे पत्रा त्या मर्यादेच्या चौपट उष्णता आत सोडतो. आणि गंमत बघा, आपल्या आजोबांचं दीड फूट मातीचं माळवद हिशेब केला तर या मर्यादेच्या आसपास बसतं! जे दिल्लीला २०१८ साली सुचलं ते आपल्या गवंड्यांना आधीच जमलेलं होतं.

पण खरी मेख पुढं आहे. ही संहिता लागू कुणाला? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींना. म्हणजे पाच हजार चौरस फुटांच्या पुढं. व्यापारी इमारतींची संहिता वेगळी आहे, तीही १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त वीजभार असलेल्यांसाठी. हेतू एसीचं बिल आणि देशाची वीज वाचवणं हा आहे. हेतू चांगलाच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण अर्थ काय निघतो? ज्याच्या घरात एसी आहे त्याच्या छतातून किती ऊन यावं याला नियम आहे. ज्याच्या घरात एसी नाही, कूलर नाही, कधीकधी पंखाही नाही, त्याच्या छतातून कितीही ऊन येऊ द्या, कुणाची हरकत नाही. विजेची बचत मोजता येते. घामाची मोजत नाहीत.

आणि प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किती? किमान २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसकट. २७० चौरस फूटही नाही. केंद्राच्या योजनेत सपाट भागासाठी अनुदान धरलं १ लाख २० हजार. वाळूचे, सळईचे भाव तुम्हाला माहीत आहेत. पैसे भिंतीपर्यंत येतात आणि संपतात. मग वर पत्रे पडतात आणि समोर भिंतीवर योजनेचं नाव रंगवून फोटो अपलोड होतो. घर 'पूर्ण'. आत माणूस राहू शकतो का, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.

शाळाखोल्यांची जी अंदाजपत्रकं माझ्या हातात आली, त्यांत पत्र्याची ओळ होती, अँगलची होती, नट-बोल्टची होती, रंगाची होती. पत्र्याखाली काहीतरी टाकायची ओळ एकाही अंदाजपत्रकात नव्हती. एका अभियंत्याला विचारलं तर म्हणाले, 'साहेब, मागणीच नव्हती.' बरोबर आहे. तीन वर्षांचं पोरगं मागणीपत्र देत नाही.

एक गोष्ट आणखी. पत्रा ऊन अडवत नाही तसा आवाजही अडवत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होते, पाऊस येतो आणि पत्र्याच्या वर्गात मास्तरांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. मास्तर फळ्यावर काहीतरी लिहायला देतात आणि पाऊस थांबायची वाट बघत बसतात. पत्र्याखाली रॉकवूलचा थर आणि त्याखाली बोर्ड असेल तर ऊनही कमी होतं आणि हा थडथडाटही कमी होतो. एका खर्चात दोन कामं. तरी नाही.

या उन्हाचा मार सगळ्यांना सारखा बसतो असं समजू नका. दुपारी पत्रा तापला की घरातला पुरुष उठून पारावर जातो, देवळाच्या ओट्यावर आडवा होतो, चहाच्या टपरीवर बसतो. बाई कुठं जाणार? सून दुपारी देवळाच्या ओट्यावर झोपलेली तुम्ही पाहिलीय का? बाळंतीण पत्र्याखाली, तिचं पंधरा दिवसांचं बाळ पत्र्याखाली, अंथरुणाला खिळलेली सासू पत्र्याखाली, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात चूल किंवा गॅस पेटलेला. रात्री पुरुष अंगणात बाज टाकतो, बाईला तेही जमतंच असं नाही. छताचा प्रश्न हा बायकांचा प्रश्न आहे, म्हणून तर तो आजवर सभेत आला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि यात माणसं दगावतात का? दगावतात, फक्त कागदावर येत नाहीत. शेतात उन्हात कोसळला तर उष्माघाताची चर्चा तरी होते. पत्र्याच्या घरात म्हातारी रात्रीत गेली तर 'वय झालं होतं', 'हार्ट अटॅक आला' म्हणून विषय संपतो. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये मोठी लाट आली होती. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातल्या एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. उष्माघात म्हणून नोंदलेले नव्हेत, एकूणच जास्तीचे. आकडा बघून अहमदाबाद महापालिका जागी झाली, २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढं झोपडपट्टीतल्या छतांना पांढरा लेप द्यायचा कार्यक्रम हाती घेतला. आपला शेजारी तेलंगणा घ्या. उदगीर-देगलूरहून तासाभरात सीमा ओलांडता येते. त्या राज्याने २०२३ मध्ये छतांसाठी स्वतंत्र धोरण आणलं आणि सरकारी इमारतींना थंड छत सक्तीचं केलं. आपण काय केलं? चौकात ताकाचा स्टॉल लावून फोटो काढला.

आता नेहमीची उत्तरं येतील. एकेक बघू.

'पूर्वी पण लोक राहतच होते की उन्हात.' हो, राहत होते, पण माळवदाखाली राहत होते, कुडाच्या घरात गवताच्या छपराखाली राहत होते. गवताचं छप्पर आगीला वाईट, पावसाला वाईट, पण उन्हाला राजा. पत्र्याखाली राहणं ही आपली परंपरा नाही. ती गेल्या तीसेक वर्षांतली मजबुरी आहे.

'कूलर घ्या.' कूलरला पाणी लागतं हो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पिणारा आपला जिल्हा आहे, हे विसरलात का? आणि कूलरला वीज लागते, ती भर दुपारीच जाते.

'झाडं लावा.' लावाच. पण रोप मोठं होऊन छतावर सावली धरायला आठ-दहा वर्षं लागतात. आज अंगणवाडीत असलेलं पोरगं तोवर दहावीला जाईल.

'लोकांनाच पत्रा आवडतो.' लोकांना पत्रा आवडत नाही, परवडतो. यात फरक आहे.

'पैसा नाही.' हे उत्तर मी मान्य करणार नाही. गावात भाऊंचा वाढदिवस असला की चौकाचौकांत वीस-वीस फुटांचे फ्लेक्स लागतात. वाढदिवस झाला की तेच फ्लेक्स गरीब माणूस उतरवून नेतो आणि पत्र्यावर अंथरतो, पांढरी बाजू वर करून. भाऊंचं तोंड खाली, पत्र्याकडं. ऊन थोडंफार परत फिरतं. एवढाच काय तो भाऊंचा जनतेला थंडावा. ज्या गावात दरवर्षी फ्लेक्सला पैसा आहे त्या गावात अंगणवाडीच्या पत्र्याला चुना मारायला पैसा नाही, हे मला सांगू नका.

मग करायचं काय? नुसती शिव्याशाप देणारी पोस्ट लिहायची मला हौस नाही. म्हणून क्रमाने सांगतो, स्वस्तापासून महागापर्यंत.

१. पांढरा रंग. पत्र्याला किंवा स्लॅबला मार्च संपायच्या आत पांढरा चुना, शक्य असेल तर बाजारात मिळणारा उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप. हे इन्सुलेशन नव्हे. हे ऊन आत शिरायच्या आधी आल्या वाटेने परत पाठवणं आहे. खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. चुना पावसात धुपतो, लेप धुळीने मळतो, म्हणून हे दरवर्षीचं काम आहे. पोळ्याला बैल रंगवतो तसं उन्हाळ्याआधी छत रंगवायचं.

२. पत्र्याखाली छत आणि मध्ये हवा. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बोर्डाचं छत घाला आणि त्या जागेतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही बाजूंनी जाळ्या ठेवा. तापलेल्या पत्र्याची झळ मग थेट अंगावर येत नाही. वर रॉकवूल किंवा ग्लासवूलचा थर टाकलात तर उत्तमच. पण तो थर हाताला, श्वासाला लागणार नाही असा पूर्ण झाकलेला हवा.

३. थर्मोकोल जपून. बरेच जण पत्र्याखाली थर्मोकोलच्या शीट चिकटवतात. ऊन अडतं हे खरं, पण थर्मोकोल पेट घेतो, वितळून खाली थेंबथेंब पडतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वर लोंबकळणाऱ्या वायरी आणि खाली गॅस. लंडनमध्ये जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. इमारतीला बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणावरून आग चढत गेली होती आणि त्या आवरणाच्या आत लावलेला उष्णतारोधक फोमही जळणारा होता. लंडनमध्ये हे होऊ शकतं तर आपल्याकडं विचारायलाच नको. शाळेत आणि अंगणवाडीत उघडा थर्मोकोल नकोच.

४. सिमेंटचे पत्रे. ते लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतात म्हणून लोक घेतात. पण आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांनी कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठहून जास्त देशांनी ते बंद केलं, आपल्याकडं चालू आहे. बसलेला धड पत्रा लगेच मारत नाही. तो करवतीने कापताना, फोडताना, घासताना जी धूळ उडते ती घातक. तेव्हा कापू नका, फोडू नका. आणि नवीन शाळाखोलीवर तो टाकायला ग्रामपंचायतीने सरळ नकार द्यावा. कांद्याला ठीक, पोरांना नको.

५. स्लॅब असेल तर वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे, ज्याला आपले मिस्त्री चायना मोझॅक म्हणतात. हे काम करणारे कारागीर आपल्याकडं आहेत. वजन मात्र आधी इंजिनिअरला दाखवून घ्या, १९९३ विसरून चालणार नाही. नवीन स्लॅब टाकणार असाल तर केरळात लॉरी बेकर यांनी रूढ केलेली पद्धत आहे. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथं कौलं बसवायची. काँक्रीट वाचतं, छत हलकं होतं, कौलांत अडकलेली हवा ऊनही अडवते.

६. हवा. छत कितीही चांगलं केलं आणि खोली बंद ठेवली तर रात्री उष्णता आतच कोंडते, कारण इन्सुलेशन उष्णतेला दोन्ही बाजूंनी अडवतं. छताजवळ झरोका हवाच. जुन्या घरांना तो असायचा. नव्या घरांत चोराच्या भीतीने आणि मिस्त्रीच्या कंटाळ्याने गेला.

हे झालं आपण करायचं. आता सरकारने करायचं. अंगणवाडी, शाळाखोली आणि घरकुल या तिन्हींच्या अंदाजपत्रकात छताच्या उष्णतारोधकाची वेगळी ओळ आली पाहिजे. उघडा पत्रा हे 'पूर्ण काम' धरता कामा नये. ५०० चौरस मीटरच्या प्लॉटला जी मर्यादा लागू आहे ती २५ चौरस मीटरच्या घरकुलाला आधी लागू व्हावी आणि तिच्यासाठी लागणारे पैसे अनुदानात वाढवून मिळावेत. नाहीतर नियम गरिबाच्या डोक्यावर बसेल आणि पत्रा तसाच राहील. एवढीच मागणी आहे. यात कुठला पक्ष नाही, कुठली जात नाही. पत्रा सगळ्यांवर सारखाच तापतो.

१ मेला गावोगावी ग्रामसभा असते. बहुतेक ठिकाणी ती अर्ध्या तासात, सह्यांच्या रजिस्टरवरच उरकते. यावेळी जा. बायकांना घेऊन जा. ग्रामसेवकाला तीन प्रश्न लेखी द्या. गावातल्या किती अंगणवाड्या आणि शाळाखोल्या पत्र्याच्या आहेत? त्यांतल्या किती पत्र्यांखाली काहीतरी आहे? आणि पुढच्या मार्चच्या आत त्यांना पांढरा लेप द्यायचा ठराव ही सभा करणार का, हो की नाही? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. ठराव झाला तर त्याचा फोटो मला पाठवा, गावाच्या नावासकट छापतो. ठराव झाला नाही तर का नाही, तेही पाठवा. तेही छापतो.

आणि कुणी म्हणालं की हा विषय आत्ता कशाला, एवढं काय ऊन आहे, तर सभा ऑफिसात घेऊ नका. दुपारी दोन वाजता अंगणवाडीच्या पत्र्याखाली घ्या.